पानगळीचा नियम : बीसीएल-२ हे प्रथिन, रामचंद्रन-आलेख आणि परिभाषेचा प्रश्न

१. विषयाची मांडणी

विज्ञानाची परिभाषा पारदर्शक असते आणि साहित्याची भाषा लक्षणेने भरलेली असते, असा एक समज अभ्यासकांत रूढ आहे. या समजाची परीक्षा पाहावयाची असेल तर पेशींच्या मृत्यूसंबंधीचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधन हे उत्तम क्षेत्र ठरते. या क्षेत्रातील मध्यवर्ती संज्ञा ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने सुचविली. येथील एक मध्यवर्ती प्रथिन आपल्या कार्यामुळे नव्हे, तर ज्या रोगात ते प्रथम आढळले त्या रोगाच्या नावाने ओळखले जाते. आणि या प्रथिनाचे रूप ज्या भूमितीच्या आधारे पडताळले जाते, ती भूमिती १९६३ साली मद्रास विद्यापीठात मांडली गेली. १९९६ पासून ज्या नगराचे अधिकृत नाव चेन्नई झाले, त्या नगराशी या कथेचा संबंध त्यामुळे आनुषंगिक राहत नाही.

प्रस्तुत लेखात बीसीएल-२ या मानवी प्रथिनाचे कार्य, त्याचे रूप समजून घेण्यास मद्रासने पुरविलेला आधार आणि या संकल्पना मराठीत आणताना निर्माण होणारा भाषांतराचा प्रश्न, अशा तीन अंगांचा विचार केला आहे. ही तीन अंगे वेगवेगळी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच जिज्ञासा आहे. जे घडते ते कोणाच्याही इच्छेवाचून, पण नियमाने घडते. अशा घटनेचे वर्णन कोणत्या शब्दांत करावयाचे?

२. संज्ञेचा जन्म

पेशी मरतात हे एकोणिसाव्या शतकातील रोगनिदानशास्त्रज्ञांना ज्ञात होतेच. परंतु मृत्यू म्हणजे आघात, विषबाधा किंवा रक्तपुरवठा खंडित होणे यांचा परिणाम, अशी सर्वसाधारण धारणा होती. रेशीमकिड्याच्या जातीतील पतंगांचा अभ्यास करताना रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ साली ‘नियोजित पेशीमृत्यू’ या अर्थाची संज्ञा वापरली. कोशातून पतंग बाहेर पडल्यानंतर काही स्नायू ठरल्या वेळी नाहीसे होतात. त्यांचा नाश हा वाढीच्या आराखड्याचाच भाग असतो, हे त्यातून सुचविले गेले.

जॉन केर या ऑस्ट्रेलियन रोगनिदानशास्त्रज्ञाला यकृताच्या पेशींत एक निराळाच मृत्यू दिसला होता. आघाताने मरणारी पेशी फुगते, फुटते आणि भोवती दाह निर्माण करते. केरला दिसलेली पेशी मात्र आकसत होती. तिचे केंद्रक घट्ट होऊन तुकड्यांत विभागले जात होते. पेशीचे पटलबंद लहान लहान भाग होत होते आणि शेजारच्या पेशी ते भाग गिळून टाकत होत्या. दाह नाही, डाग नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांच्यासह केरने १९७२ साली या घटनेवर निबंध प्रसिद्ध केला. तिला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव तेथेच मिळाले. हा शब्द ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी सुचविला होता. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे हा त्याचा अर्थ. शब्दाच्या उत्तरार्धातील ‘प’ अनुच्चारित ठेवावा, अशी सूचनाही निबंधात दिलेली आहे. एका वैज्ञानिक निबंधाने आपल्या शब्दाच्या उच्चाराचीही काळजी घ्यावी, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पानगळीची प्रतिमा येथे केवळ शोभेची नाही. पान वाऱ्याने तुटते तेव्हा ती दुर्घटना असते. पान गळते तेव्हा मात्र वनस्पतीने देठाच्या तळाशी विलग होण्याचा थर आधीच तयार केलेला असतो आणि पानातील उपयुक्त द्रव्यांचा बराच भाग खोडाकडे परत गेलेला असतो. म्हणजे विलगतेची पूर्वतयारी असते, उरलेल्याची व्यवस्था असते आणि समग्र झाडाचे हित साधलेले असते. केरला दिसलेल्या पेशीच्या बाबतीत नेमके हेच तीन विशेष लागू पडतात. रूपक येथे निरीक्षणाच्या मागून आले नाही. दोन घटनांमधील भेद नेमका कोठे आहे हे त्याने दाखवून दिले.

भारतीय वाचकाला या ठिकाणी ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मृत्युंजय मंत्र आठवणे स्वाभाविक आहे. पिकलेले काकडीवर्गीय फळ आपल्या बंधनातून सुटावे, तशी मुक्ती तेथे मागितलेली आहे. दोन्ही प्रतिमांत देठ आहे, पक्वता आहे, वेदनारहित विलगता आहे. तथापि साम्यावर थांबणे घाईचे होईल. मंत्रात फळ म्हणजे माणूस आणि देठ म्हणजे मृत्यूचे बंधन. गळणे ही मृत्यूपासूनची सुटका आहे. ग्रीक शब्दातून आलेल्या प्रतिमेत गळणे हाच मृत्यू आहे आणि सुटका झालीच तर ती मागे राहिलेल्या झाडाची. एकाच दृश्याने दोन परंपरांत परस्परविरुद्ध दिशेने काम केले आहे, आणि तौलनिक अभ्यासाचे स्वारस्य या विरोधातच आहे.

३. संहिता तीच, संदर्भ वेगळा

बीसीएल-२ या नावाचा विस्तार ‘बी-पेशींचे लसीकार्बुद, क्रमांक दोन’ असा होतो. लसीकाग्रंथींच्या एका विशिष्ट कर्करोगात, पुटिकीय लसीकार्बुदात, गुणसूत्र १४ आणि गुणसूत्र १८ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली वारंवार आढळते. ही अदलाबदल जेथे होते तेथील जनुक फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील योशिहिदे त्सुजिमोतो, कार्लो क्रोचे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४-८५ मध्ये शोधून काढले. याच सुमारास अमेरिकेतील अन्य दोन गटांनीही ते हस्तगत केले.

या अदलाबदलीचे स्वरूप साहित्याच्या अभ्यासकाला विशेष बोलके वाटेल. बहुसंख्य रुग्णांत जनुकाच्या ज्या भागावरून प्रथिन घडते तो भाग अबाधित राहतो. त्यातील एकही अक्षर बदललेले नसते. बदलते ते फक्त स्थान. गुणसूत्र १८ वरील हा मजकूर उचलला जाऊन गुणसूत्र १४ वर, प्रतिपिंडाच्या जड शृंखलेच्या जनुकाशेजारी जाऊन बसतो. बी-पेशींचे कामच प्रतिपिंडे घडविण्याचे असल्याने त्या ठिकाणचा मजकूर त्या पेशी अखंड, मोठ्या प्रमाणावर वाचत असतात. शेजार बदलल्यामुळे एरवी बेताने वाचला जाणारा मजकूर तारस्वरात वाचला जाऊ लागतो. संहिता तीच; संदर्भाने अर्थ बदलला आणि त्याचा परिणाम रोगात झाला. जनुकाला ‘मजकूर’ म्हणणे हेही अर्थात एक रूपक आहे. परंतु मजकुराचा अर्थ त्याच्या अक्षरांइतकाच त्याच्या जागेवर अवलंबून असतो, हे येथे रूपकाच्या पलीकडे जाऊन रासायनिक अर्थाने खरे ठरते.

त्या वेळपर्यंत ज्ञात असलेली कर्कजनुके पेशींचे विभाजन वाढविणारी होती. कर्करोग म्हणजे अनिर्बंध जन्म, अशी विचाराची चौकट होती, आणि बीसीएल-२ देखील त्याच प्रकारचे असावे असे गृहीत धरले जाणे साहजिक होते. मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेतील डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी १९८८ साली वेगळाच निष्कर्ष मांडला. वाढीचा पोषक घटक काढून घेतल्यास मरणाऱ्या रक्तपेशींत त्यांनी हे जनुक घातले. घटक काढून घेतल्यावर त्या पेशी विभागल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. बीसीएल-२ पेशींना वाढवीत नव्हते. ते त्यांना मरू देत नव्हते.

या एका निष्कर्षाने कर्करोगाची कल्पना पालटली. अर्बुद हे जन्माच्या अतिरेकाने होते तसेच मृत्यूच्या अभावानेही होते. ज्या पानाने गळावयाचे ते गळत नाही, हाही व्याधीच आहे.

हा नियम किती प्राचीन आहे, याचा पुरावा एका सूक्ष्म गोलकृमीने दिला. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या या कृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी मरतात. प्रौढ कृमीत ९५९ उरतात. मृत्यूपासून पेशींना वाचविणारे त्याचे एक जनुक मानवी बीसीएल-२ चे नातेवाईक निघाले. इतकेच नव्हे, तर मानवी जनुक कृमीत घातले असता तेथेही त्याने पेशींचे मरण रोखले. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना अवयवांची वाढ व नियोजित पेशीमृत्यू यांच्या जनुकीय नियमनासाठी २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

४. मद्रास : रूपाच्या शक्यतांचा नकाशा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची शृंखला. बीसीएल-२ ची शृंखला २३९ अमिनो आम्लांची आहे. परंतु नुसत्या क्रमावरून कार्य कळत नाही. शृंखला अवकाशात कशी घडी घेते यावर तिचे कार्य ठरते. ती कोणत्या घड्या घेऊ शकते, या प्रश्नाचे मूलभूत उत्तर मद्रासने दिले.

गोपालसमुद्रम नारायण अय्यर रामचंद्रन (१९२२-२००१) हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य. वयाची तिशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, १९५२ साली, मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचे त्यांना पाठबळ होते. त्याच सुमारास मद्रासला आलेल्या जे. डी. बर्नल यांच्याशी झालेल्या चर्चेतून कोलॅजन या प्रथिनाची रचना अनिर्णित असल्याचे त्यांच्या लक्षात आले. कोलॅजन हे कातडी, कंडरा आणि हाडे यांचे प्रथिन. कातड्याच्या अभ्यासाला वाहिलेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था जवळच होती. गोपीनाथ कर्ता यांच्यासह रामचंद्रन यांनी १९५४ साली कोलॅजनची तीन शृंखलांची रचना मांडली.

या रचनेवर परदेशातील संशोधकांनी आक्षेप घेतला. काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर ‘फार जवळ’ म्हणजे किती जवळ, हे आधी ठरविणे आवश्यक होते. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना तपासून अणूअणूंमधील किमान अंतरांची छाननी केली. मग प्रश्न अधिक व्यापक केला : कोणत्याही प्रथिनशृंखलेत, अणूंची टक्कर न होता, कोणती वळणे संभवतात?

प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक अमिनो आम्लाजवळ दोन बंध मुख्यत्वे फिरू शकतात. त्यांच्या कोनांना ‘फाय’ आणि ‘साय’ ही ग्रीक अक्षरनामे आहेत. एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर घेतला तर एक चौरस नकाशा तयार होतो. त्या नकाशावरील प्रत्येक बिंदू म्हणजे शृंखलेचे एक संभाव्य वळण. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मेजावरील गणनयंत्रांच्या साहाय्याने हा नकाशा तपासला आणि १९६३ साली प्रसिद्ध केला. त्याचा बहुतांश भाग निषिद्ध ठरला. थोडीच बेटे अनुज्ञात उरली. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली कल्पिलेले आल्फा-मळसूत्र अशाच एका बेटावर बसते. ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाला पार्श्वगट म्हणून केवळ एक हायड्रोजन असल्याने त्याचे अनुज्ञात क्षेत्र इतरांहून कितीतरी मोठे असते.

हा ‘रामचंद्रन-आलेख’ कोणत्याही एका प्रथिनाचे रूप सांगत नाही. काय असेल यापेक्षा काय असू शकणार नाही, हे तो सांगतो. छंदःशास्त्राशी परिचय असणाऱ्यास ही रीत ओळखीची वाटेल. वृत्ताचे लक्षण कवीला श्लोक देत नाही, पण लघुगुरूंच्या कोणत्या रचना त्या वृत्तात संभवत नाहीत हे निश्चित करते. आणि या निषेधांच्या आतच श्लोक घडतो. रामचंद्रन यांनी उत्तरायुष्यात जैन स्याद्वादाच्या आधारे तर्काची एक गणिती मांडणी केली, हेही या संदर्भात नोंदविण्याजोगे आहे. शक्य, अशक्य आणि यांच्या सीमारेषा हा त्यांच्या विचाराचा दीर्घकाळचा विषय दिसतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईतच त्यांचे निधन झाले.

५. खोबण, अनुकरण आणि औषध

बीसीएल-२ कुलातील एका निकटच्या प्रथिनाची रचना १९९६ साली आणि खुद्द बीसीएल-२ ची २००१ साली प्रसिद्ध झाली. जगात कोठेही नवी प्रथिनरचना निश्चित झाली की तिचा प्रत्येक कोन रामचंद्रन-आलेखावर मांडून पाहण्याची प्रथा आहे. फार बिंदू निषिद्ध क्षेत्रात पडले तर रचनेत चूक असण्याचा संभव मानला जातो. बीसीएल-२ च्या रूपाला ही परीक्षा विशेष अर्थपूर्ण आहे, कारण ते जवळजवळ सर्वस्वी आल्फा-मळसूत्रांचे बनलेले आहे. जलविरोधी मळसूत्राभोवती इतर मळसूत्रे रचलेली आहेत. शेवटचे मळसूत्र प्रथिनाला पेशीतील पटलांशी, विशेषतः तंतुकणिकेच्या बाह्य पटलाशी, बांधून ठेवते. आणि पृष्ठभागावर एक लांबट खोबण आहे.

या खोबणीत सारा कथाभाग सामावलेला आहे. पेशीला इजा झाली, पोषण तुटले किंवा वाढीच्या क्रमात तिचे काम संपले, की मृत्यूचा संदेश आणणारी काही छोटी प्रथिने सक्रिय होतात. त्या सर्वांत ‘बीएच-३’ नावाचा एक आखूड मळसूत्री भाग असतो. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने तंतुकणिकेच्या बाह्य पटलाला छिद्रे पाडतात. त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर येते. एरवी श्वसनाच्या कामी येणारे हे प्रथिन पेशीद्रवात पोहोचताच मृत्यूची खूण ठरते. त्यानंतर कॅस्पेज नावाची विकरे एकामागून एक जागी होऊन पेशीचा सांगाडा आतून उलगडतात. बीसीएल-२ आपल्या खोबणीत बीएच-३ भाग पकडून ठेवते आणि ही साखळी तिच्या मुखाशीच थोपवते. म्हणजे जीवन आणि मरण यांचा निवाडा एक मळसूत्र एका खोबणीत बसते की नाही, यावर येऊन ठेपतो.

यावरून औषधाची कल्पना निघाली. खोबणीत बीएच-३ च्या जागी एखादा लहान रेणू बसविता आला, तर पकडून ठेवलेला संदेश मोकळा होईल आणि मरणे विसरलेल्या पेशी मरतील. अशा रेणूंना ‘बीएच-३ चे अनुकारक’ म्हटले जाते. पहिल्या प्रयत्नांतील नॅव्हिटोक्लॅक्स हा रेणू बीसीएल-२ बरोबरच त्याच्या एका भावंडालाही बांधला जात असे. रक्तातील बिंबिका त्या भावंडावर जगत असल्याने त्यांची संख्या घटू लागली. पुढे अधिक निवडक असा व्हेनेटोक्लॅक्स तयार झाला. गुणसूत्र १७ चा एक भाग हरवलेल्या, उपचारांना दाद न देणाऱ्या एका दीर्घकालीन रक्तकर्करोगासाठी त्याला एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध आरंभीच पूर्ण मात्रेत देत नाहीत. त्या रोगात २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पाच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा वाढवितात. एकाच वेळी असंख्य पेशी मेल्या तर त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे आणि हृदय धोक्यात येतात. थांबलेली पानगळ पुन्हा सुरू करावयाची, तीही झाडाला पेलेल अशा बेताने.

‘अनुकरण’ या शब्दाचा येथील उपयोग विचारात घेण्याजोगा आहे. औषधाचा रेणू बीएच-३ मळसूत्रासारखा दिसत नाही. मळसूत्राचे जे मोजके गट खोबणीतील कप्प्यांत शिरतात, त्यांच्या जागा तो भरून काढतो. येथील सादृश्य बाह्य रूपात नसून परस्परसंबंधांत आहे. अनुकरण म्हणजे प्रतिकृती की कार्याची पुनर्रचना, हा ॲरिस्टॉटलच्या आणि श्रीशंकुकाच्या भाष्यकारांना पडलेला प्रश्न येथे प्रयोगशाळेत सोडविला गेला आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या पक्षाकडे झुकते.

अनुकरणाला मर्यादाही असतात. हे औषध दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांत बीसीएल-२ च्या १०१ व्या स्थानावरील ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. या एका बदलाने औषधाची पकड ढिली पडते. शरीरातील मूळ मृत्युसंदेशाला मात्र खोबण बांधून ठेवू शकते. मागील प्रसंगी संहिता तीच राहून संदर्भ बदलला होता. येथे एक अक्षर बदलले, आणि तेवढ्याने उपचाराचा अर्थ गेला.

६. अड्यारचा परिसर

मद्रास विद्यापीठाचा गिंडी परिसर, चर्म संशोधन संस्था आणि अड्यार येथील कर्करोग संस्था हे सारे नगराच्या एकाच भागात येते. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने ही कर्करोग संस्था १९५४ साली अवघ्या १२ खाटांनिशी सुरू झाली. कोलॅजनची रचना प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष. डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी ती वाढविली. शांता रामन यांच्या कुटुंबातल्या, तर रामचंद्रन त्यांच्या शिष्यशाखेतले. १९८० च्या दशकात लहान मुलांच्या रक्तकर्करोगासाठी आखलेल्या एका समान उपचारक्रमात या संस्थेसह मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सहभागी होत्या. डॉ. शांता यांचे १९ जानेवारी २०२१ रोजी निधन झाले.

या दोन ठिकाणच्या कामांत कार्यकारणाचा थेट धागा जोडणे योग्य होणार नाही. एकीकडे अणूंची अंतरे मोजली जात होती, दुसरीकडे रुग्णांची शुश्रूषा होत होती. तथापि रुग्णालयांत पूर्वापार वापरली जाणारी अनेक कर्करोगविरोधी औषधेही बऱ्याच अंशी पेशींच्या या नियत मृत्यूलाच चालना देऊन काम करतात, हे नंतर उमगले. म्हणजे या प्रक्रियेला नाव मिळण्यापूर्वीही चिकित्सक तिच्यावर विसंबून होते.

७. मराठी परिभाषेचा प्रश्न

‘पेशी’ हा शब्दच प्रथम घ्यावा. मराठीत तो सजीवाच्या मूलघटकासाठी रूढ आहे. हिंदीत त्यासाठी ‘कोशिका’ आहे आणि ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी, स्नायू. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे, ती अर्थातच स्नायूंची. तमिळने ‘उयिरणु’, म्हणजे प्राणाचा अणू, असा शब्द घडविला. मराठीने मांसाचा गोळा घेतला, हिंदीने आवरण घेतले, तमिळने प्राण घेतला. ‘प्रोटीन’साठी हिंदीने मूळ शब्द ठेवला, तर मराठीने ‘प्रथिन’ असा ध्वनीने जवळचा आणि ‘प्रथम’ या अर्थाची आठवण देणारा शब्द स्वीकारला. १८३८ साली प्रचारात आलेल्या मूळ शब्दातही ‘आद्य’ हाच ग्रीक अर्थ अभिप्रेत होता.

नियोजित पेशीमृत्यूसाठी मराठी विज्ञानलेखनात ‘पेशींची आत्महत्या’ असा शब्दप्रयोग आढळतो. इंग्रजीतही तो प्रचलित आहे. त्याची अडचण दुहेरी आहे. आत्महत्येला कर्ता लागतो, हेतू लागतो, आणि पेशीला हेतू नसतो. शिवाय महाराष्ट्राच्या अलीकडच्या सामाजिक अनुभवात, विशेषतः विदर्भ आणि मराठवाडा यांच्या संदर्भात, या शब्दाला जे दुःख चिकटले आहे ते बाजूला सारून तो वापरता येत नाही. ‘प्रायोपवेशन’ आणि ‘समाधी’ हे शब्द सौम्य असले तरी त्यांतही संकल्प आहेच, आणि तो पुण्यप्रद मानला गेला आहे. ‘नियोजित’ या विशेषणात योजणारा डोकावतो. ‘नियत’ म्हणावे तर नियतीची छाया पडते.

‘पानगळ’ हा शब्द या अडचणींतून वाट काढतो. त्यात नियम आहे, हेतू नाही. अंत आहे, अपराध नाही. तमिळमधील ‘उदिर्’ हे क्रियापद पाने, पाकळ्या, केस यांच्या आपोआप गळण्यास लावतात. मराठीत ‘गळणे’ आणि ‘झडणे’ अशी दोन क्रियापदे आहेत. पैकी ‘झडणे’ याला रोगाने बोटे झडण्याचाही संदर्भ आहे. ‘गळणे’ अधिक निर्दोष.

तरीही प्रतिमा सीमा ओलांडते तेव्हा तिचा ऋतू बदलतो. युरोपातील पानगळ शरदात येते आणि तिच्यामागे दीर्घ हिवाळा असतो. तेथील काव्यपरंपरेत ती ऱ्हासाची खूण ठरली. महाराष्ट्रातील पानगळ शिशिरातली आहे. तिच्या पाठोपाठ चैत्रपालवी येते. मराठी कानाला पानगळ ऐकताच पालवीही ऐकू येते. चेन्नईत चित्र आणखी निराळे आहे. विद्यापीठाच्या परिसराजवळील गिंडी राष्ट्रीय उद्यानात शुष्क सदाहरित वन आहे. सदाहरित वृक्ष पाने गाळत नाही हा गैरसमज आहे. तो वर्षभर थोडी थोडी पाने गाळतो आणि थोडी थोडी धारण करतो. म्हणूनच हिरवा दिसतो.

शरीराच्या संदर्भात या तीन पानगळींपैकी तिसरीच सर्वाधिक यथार्थ आहे. निरोगी प्रौढ शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात आणि बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. ॲबर्डीनमध्ये सुचलेल्या ग्रीक शब्दाचे सर्वांत नेमके निदर्शन गिंडीच्या झाडांत मिळावे, हा योगायोग असला तरी भाषांतरकाराला त्यातून एक दिशा मिळते. मूळ शब्दाचा पर्याय शोधून त्याचे काम संपत नाही. त्या शब्दामागील दृश्य आपल्या भूमीत कोणत्या रूपात घडते, हेही त्याला पाहावे लागते.

८. समारोप

बीसीएल-२ च्या इतिहासात तीन प्रकारच्या चुका टळल्या, आणि तिन्हींचा संबंध वाचनाशी आहे. मृत्यू म्हणजे केवळ आघात, हे वाचन एका रूपकाने दुरुस्त केले. कर्करोग म्हणजे केवळ अतिरिक्त जन्म, हे वाचन एका प्रयोगाने दुरुस्त केले. आणि प्रथिनाचे कोणतेही रूप कल्पिता येते, हा भ्रम मद्रासच्या एका नकाशाने दूर केला. मराठी परिभाषेपुढील कार्य यांच्याहून लहान असले तरी त्याच जातीचे आहे. आजारी माणसाला त्याच्या शरीरात काय बिघडले हे सांगताना ‘पेशी आत्महत्या करीत नाहीत’ असे सांगणे आणि ‘गळावयाची पाने गळत नाहीत’ असे सांगणे, या दोहोंत माहितीचा फरक फारसा नाही. पण पहिल्या वाक्यात त्याच्या देहावर एक हेतू आरोपिला जातो. दुसऱ्या वाक्यात देह हा एक वृक्षच राहतो, ज्याचा एक नियम तात्पुरता खंडित झाला आहे आणि कदाचित पुन्हा जोडता येण्याजोगा आहे.